आम्लपित्ताची गोळी : घ्यावी कशी, थांबवावी केव्हा

(आकाशवाणीवरून झालेल्या भाषणाचा मजकूर)

आमच्या शहापुरात रात्री-अपरात्री कोणाचेही दार ठोठावून ‘गॅसची गोळी आहे का?’ असे विचारले, तर सहसा रिकाम्या हाताने परतावे लागत नाही. ती चहाच्या डब्याशेजारी असेल, देवघराच्या फळीवर असेल, आमच्यासारख्या ख्रिस्ती घरात क्रुसाखालच्या कोनाड्यात असेल. पण असते खास. मीठ-हळदीसारखी ती आता घरसामानात जमा झाली आहे, आणि मीठ उसने द्यावे इतक्या सहजपणे आपण ती शेजाऱ्याला देतो. या गोळीविषयी आज थोडे बोलावयाचे आहे.

मी वैद्य नव्हे, शाळाशिक्षिका आहे. तेव्हा हा अधिकार मला कोणी दिला, असे आपण विचाराल. उत्तर असे की, माझ्या बोलण्यामागे दोन कारणे आहेत. पहिले, ही गोळी मी अडीच वर्षे रोज घेतली, आणि एवढ्या काळात ती का घेते हे कोणास विचारले नाही. दुसरे कारण एका रात्रीचे आहे. ते शेवटी सांगेन.

प्रथम नावाचा घोटाळा दूर करू. जळजळ झाली की आपण ‘पित्त झाले’ म्हणतो. शब्द जुना आहे. माधवनिदान या प्राचीन वैद्यकग्रंथात आम्लपित्ताचा स्वतंत्र अध्याय आहे. परंतु आजच्या शरीरशास्त्रात पित्त हा यकृतात तयार होणारा रस होय, आणि ही गोळी त्याला हात लावीत नाही. तिचे काम जठरातील आम्लाशी. जठरात दिवसाकाठी दीड ते दोन लिटर पाचकरस स्रवतो. त्यातील तीव्र आम्ल अन्न पचविण्यास मदत करते आणि अन्नपाण्यातून आलेले बहुतेक जंतू मारते. जठराच्या अस्तराला त्यापासून स्वतःचे संरक्षण असते, अन्ननलिकेला तसे नसते. अन्ननलिका जेथे जठराला मिळते तेथे स्नायूंची एक झडप असते. ती सैल पडली, किंवा खालून पोटाचा दाब वाढला, की आम्ल वर चढते आणि छातीच्या मध्यभागी आग होते; आंबट पाणी घशाशी येते. आठवड्यातून दोन-तीनदा असे होऊ लागले, की तो केवळ कालच्या भज्यांचा दोष राहत नाही. त्याला आजार म्हणावे लागते.

या आम्लावर तीन प्रकारची औषधे आहेत. पहिला प्रकार म्हणजे पातळ औषधे आणि चघळावयाच्या गोळ्या. झालेले आम्ल त्या मारतात. आराम त्वरित मिळतो, पण घटका-दोन घटकांचा. दुसरा प्रकार आम्ल तयार करण्याचा निरोप पेशींपर्यंत पोहोचू न देणारा. या वाटेचा शोध घेणाऱ्या जेम्स ब्लॅक या शास्त्रज्ञाला १९८८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे घरोघरी ओळखीची झालेली रॅनिटिडीन याच वर्गातील. तिच्या काही नमुन्यांत कर्करोगाचा धोका वाढविणारे द्रव्य २०१९ साली आढळले. अमेरिकेने २०२० साली ती बाजारातून काढावयास लावली आणि भारताने २०२२ च्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतून ती वगळली. त्याच वर्गातील फॅमोटिडीन अद्याप वापरात आहे. तिसरा प्रकार सर्वांत प्रभावी : ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल, राबेप्राझोल, एसोमेप्राझोल. जठराच्या पेशींत आम्ल बाहेर ढकलणारे सूक्ष्म पंप असतात, ते पंपच ही औषधे बंद पाडतात. यांतील पहिले, ओमेप्राझोल, १९८८ सालीच स्वीडनमध्ये विक्रीस आले. अन्ननलिकेच्या आणि जठराच्या व्रणांनी पूर्वी माणसे वर्षानुवर्षे कण्हत, प्रसंगी शस्त्रक्रिया करून घेत. त्यांना या औषधाने मोठा दिलासा दिला, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. मी आज त्याची निंदा करावयास आलेली नाही.

ही गोळी घ्यावी कशी? हे पंप जेवणाच्या वेळी चालू होतात आणि चालू पंपच या औषधाला बंद करता येतात. म्हणून ती सकाळी न्याहरीपूर्वी अर्धा ते एक तास, उपाशीपोटी, पाण्याबरोबर घ्यावयाची असते. जेवण झाल्यावर, जळजळ सुरू झाली म्हणजे गोळी टाकणे हा आपला सार्वत्रिक प्रघात आहे. आग विझविण्याचे काम या गोळीचे नव्हे. ती आज घेतली तर पूर्ण गुण येण्यास तीन-चार दिवस लागतात, म्हणून एका दिवसात उतार नाही असे पाहून दुसरी गोळी वाढवू नये. ही गोळी चावू नये, कुटू नये. तिच्यावरचे आवरण जठरातील आम्लापासून औषधाचे रक्षण करण्यासाठीच दिलेले असते. एकादशी असो, रमजान असो, वा आमचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ असो. उपवासात गोळीची वेळ कोणती, हे डॉक्टरांना आधी विचारून ठेवावे.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ : किती दिवस? साधारण छातीच्या जळजळीसाठी ही औषधे बहुधा चार ते आठ आठवडे देतात आणि मग पुन्हा विचार करतात. माझ्या बाबतीत हा पुन्हा विचार झालाच नाही. परीक्षेचे दिवस होते. रात्री दहाला जेवून, पेपर तपासून, मी तशीच आडवी होत असे. जळजळ वाढली म्हणून डॉक्टरांकडे गेले. त्यांनी महिन्याची गोळी लिहून दिली आणि ‘महिन्याने या’ असे सांगितले. गुण आला, म्हणून मी गेले नाही. चिठ्ठी जुनी झाली, पण दुकानदाराने ती पुन्हा मागितली नाही. रिकामी पट्टी दाखविली की भरलेली पट्टी मिळे. एका महिन्याच्या चिठ्ठीवर अडीच वर्षे गेली. दोष डॉक्टरांचा म्हणू की दुकानदाराचा? विचार करता मला वाटते की, ‘किती दिवस?’ हे दोन शब्द विचारण्याचा आळस मुख्यतः माझा होता. वर्गात मुलांना ‘समजले नाही तर विचारा’ असे वीस वर्षे सांगणारी मी, स्वतः मात्र विचारावयास विसरले.

पुढे एकदा थकवा आणि पायांत मुंग्या येऊ लागल्या. रक्ततपासणीत बी-१२ हे जीवनसत्त्व कमी निघाले. दोष गोळीचाच, असे डॉक्टरांनी ठामपणे म्हटले नाही. परंतु दोन वर्षांहून अधिक काळ ही औषधे घेणाऱ्यांत ही उणीव अधिक आढळते, कारण अन्नातील बी-१२ सुटे होण्यास आम्ल लागते, असे त्यांनी समजावून सांगितले. घरी येऊन मी रागाने त्याच दिवशी गोळी बंद केली. चौथ्या दिवशी अशी आग उठली की, पूर्वी कधी झाली नव्हती. मी मनाशी म्हटले, पाहा, माझा आजार किती दांडगा आहे. गोळीवाचून माझे चालणारच नाही!

श्रोतेहो, येथेच बहुतेकांची फसगत होते. पंप दीर्घकाळ बंद राहिले म्हणजे शरीर आम्ल तयार करण्याची तयारी आतल्या आत वाढवीत राहते. गोळी अचानक थांबली की ती सारी तयारी एकदम उसळते. २००९ साली डेन्मार्कमधील संशोधकांनी १२० निरोगी स्वयंसेवकांवर याचा प्रयोग केला. ज्यांना पूर्वी कधी जळजळ नव्हती, अशांपैकी काहींना त्यांनी आठ आठवडे हे औषध दिले आणि मग थांबविले. औषध घेतलेल्यांपैकी ४४ टक्के लोकांना पुढील आठवड्यांत जळजळ वा आंबट पाणी यांचा त्रास झाला. नुसती खोटी गोळी घेतलेल्यांत हे प्रमाण १५ टक्के होते. म्हणजे थांबविल्यावर उठणारी आग ही पुष्कळदा जुन्या आजाराची नसते, थांबविण्याचीच असते, आणि काही आठवड्यांत ती शमते. म्हणून दीर्घकाळ घेतलेली गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने, प्रथम मात्रा अर्धी करून, मग एक दिवस आड अशी उतरवावी, आणि मधल्या जळजळीसाठी साधे पातळ औषध जवळ ठेवावे. माझी गोळी दोन महिन्यांत अशीच सुटली.

या औषधाने मूत्रपिंड जाते, हाडे मोडतात, अशा वार्ता आपण ऐकतो. त्यांत तथ्य किती? दीर्घकाळच्या वापरात हाडे मोडण्याचा धोका थोडा वाढू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० साली दिला. रक्तातील मॅग्नेशियम कमी होण्याचा २०११ साली दिला. मूत्रपिंडाला अचानक इजा होऊ शकते, ही सूचना माहितीपत्रकात छापावी, असे भारतातील औषध नियंत्रकांनी २०१९ साली सांगितले. आम्ल कमी झाल्याने आतड्यांचे संसर्गही वाढतात. दुसऱ्या बाजूस, २०१९ सालीच प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत सुमारे साडेसतरा हजार रुग्णांपैकी निम्म्यांना पॅन्टोप्राझोल आणि निम्म्यांना खोटी गोळी सुमारे तीन वर्षे देण्यात आली. तीत आतड्यांचे संसर्ग तेवढे थोडे अधिक आढळले, बाकीचे धोके वाढलेले दिसले नाहीत. तात्पर्य, घाबरून जाण्याचे कारण नाही. विनाकारण घेण्याचेही नाही. लाभ असेल तेथे हा थोडा धोका पत्करावा. लाभच नसेल तेथे पदरी उरतो तो केवळ धोका.

आणि लाभ ज्यांना निश्चित आहे, त्यांनी माझे हे भाषण ऐकून उद्या गोळी फेकून देऊ नये, अशी हात जोडून विनंती. पूर्वी व्रणातून रक्तस्राव झालेले, हृदयविकारासाठी ॲस्पिरिनबरोबर रक्त पातळ करणारे दुसरे औषध घेणारे, म्हातारपणी सांधेदुखीच्या गोळ्या नित्य घ्याव्या लागणारे, अन्ननलिकेस गंभीर जखम झालेले, अशांच्या बाबतीत ही गोळी ढाल असते. ती डॉक्टरांनीच उतरवावी.

दुसऱ्या औषधांशी तिचे जमते की नाही, हेही पाहिले पाहिजे. हृदयाच्या रक्तवाहिनीत जाळी बसविल्यावर देतात त्या क्लोपिडोग्रेल या औषधाचा गुण ओमेप्राझोल आणि एसोमेप्राझोल यांमुळे कमी होऊ शकतो. तेथे डॉक्टर दुसरी गोळी निवडतात. थायरॉईडची आणि लोहाची गोळी आम्ल कमी झाल्याने नीट शोषली जात नाही. मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि ही गोळी, दोन्ही दीर्घकाळ चालू असतील तर बी-१२ तपासून घ्यावे. गोळीच्या नावापुढे ‘डी’ किंवा ‘डीएसआर’ अशी अक्षरे दिसली, तर तीत बहुधा डॉम्पेरिडोन हे दुसरे औषधही मिसळलेले असते. हृदयाच्या ठोक्यांची लय ते बिघडवू शकते, म्हणून युरोपातील औषधसंस्थेने २०१४ साली ते थोड्या मात्रेत आणि साधारण एका आठवड्यापुरतेच द्यावे असे ठरविले. आपण तीच गोळी साधी समजून महिनोन्‌महिने घेत असतो. गरोदर स्त्रीने आणि मुलांच्या बाबतीत आईबापांनी मनाने काहीच देऊ-घेऊ नये.

हे सारे पट्टीवर लिहिलेले नसते काय? थोडेफार असते. डाव्या कडेची तांबडी रेघ आणि ‘आरएक्स’ ही खूण म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकू नये अशी कायद्याची आज्ञा. परंतु आमच्या भागात दुकानाच्या पाटीवर कोणती भाषा वर आणि कोणती खाली, यावरून पिढ्यान्‌पिढ्या वाद चालले आहेत, आणि घरात येणाऱ्या गोळीवरची सूचना बहुधा दोन्हींपैकी एकाही लिपीत नसते! तिच्याविषयी मात्र कोणी भांडत नाही. इंग्रजी वाचणारे मूल घरात असेल तर त्याच्याकडून ती पट्टी एकदा वाचून घ्यावी.

गोळीवाचूनचे उपाय थोडक्यात सांगते. रात्रीचे जेवण झोपण्यापूर्वी तीन तास. उशांवर उशा रचण्यापेक्षा पलंगाच्या उशाकडील पायांखाली सहा इंच उंचीच्या विटा किंवा लाकडी ठोकळे. डाव्या कुशीवर झोप. कमरेचे वजन कमी, नाडी आणि पट्टा सैल. जेवून लगेच मागावर वाकून बसणारे आमचे विणकर, भांडी घासावयास वाकणाऱ्या बाया, यांनी अर्धा तास थांबावे. तिखट सर्वांनाच बाधते असे नाही. ज्याला बाधते त्याने सोडावे, कुंदा खाऊन बाधत असेल तर कुंदाही. तंबाखूविषयी मात्र अपवाद नाही. येथून जवळच्या निपाणीचे नाव तंबाखूने गाजले. तंबाखूच्या भावासाठी १९८१ साली तेथे शेतकऱ्यांनी रस्ता अडवला आणि गोळीबारात प्राण दिले, हे विसरता येत नाही. त्या पिकावर घरे चालली हे खरे; पण तेच पान चुन्यासह ओठाखाली किंवा भाजून मशेरी म्हणून दातांना गेले, की अन्ननलिकेची झडप सैल करते. सकाळी मशेरी आणि मागोमाग गॅसची गोळी, हा क्रम कितीतरी घरांत नित्य चालतो. धूर करणारे लाकूड चुलीत तसेच ठेवून डोळ्यांत औषध घालण्यासारखे ते आहे.

आता ती रात्र. गेल्या पावसाळ्यात रात्री एकच्या सुमारास दार वाजले. शेजारच्या विणकर अण्णांचा मुलगा उभा होता. ‘टीचर, तुमच्याकडं ती गॅसची गोळी हाय नव्हं? अण्णांच्या छातीत जळजळायलंय.’ मी कोनाड्यातून पट्टी काढून दिली. जाताना ‘सोडाही द्या हो थोडा’ असेही सांगितले. माझ्या मनाला क्षणभरही शंका शिवली नाही. चार वाजता पुन्हा दार वाजले. अण्णा घामाने निथळत होते, डावा हात दाबून धरीत होते. रुग्णालयात पोहोचेतो उजाडू लागले होते. तो हृदयविकाराचा झटका होता. अण्णा त्या दिवशी गेले. डॉक्टरांनी कोणाला बोल लावला नाही. एवढेच विचारले, ‘दुखू केव्हा लागले?’ मुलाने सांगितले, ‘एक वाजता.’ ते काही बोलले नाहीत. ते तीन तास माझ्या पट्टीने घेतले होते. लवकर नेले असते तर अण्णा वाचले असतेच, असे मी म्हणत नाही. पण ती संधी त्यांना मिळावयास हवी होती.

म्हणून सांगते : छातीतील जळजळीबरोबर घाम, धाप, उलटी, भोवळ असेल, दुखणे हात, जबडा वा पाठीकडे सरकत असेल, किंवा मधुमेही, वयस्क अथवा बिडी ओढणाऱ्या माणसाला असे प्रथमच होत असेल, तर गोळी शोधू नका, वाहन शोधा. सीमेच्या अलीकडे असा वा पलीकडे, १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक दोन्ही राज्यांत चालतो. हृदयाचा आलेख साधा निघाला आणि लोक हसले, तरी हरकत नाही. आणखी काही खुणा आहेत : घास अडकणे, कारण नसता वजन घटणे, डांबरासारखे काळे शौच, रक्ताची उलटी, वाढता पंडुरोग. यांपैकी एकही असेल तर गोळीने आराम पडला तरी तपासणी टाळू नये. आराम पडतो म्हणूनच घातक रोग मागे लपून राहतो. काळे शौच अथवा रक्ताची उलटी असेल तर त्याच वेळी रुग्णालय गाठावे. व्रणाच्या मुळाशी बहुधा हेलिकोबॅक्टर नावाचा जंतू असतो. तो शोधणाऱ्या मार्शल आणि वॉरेन यांना २००५ साली नोबेल मिळाले. त्या जंतूची श्वासाची वा शौचाची चाचणी असेल तर ही गोळी आधी दोन आठवडे डॉक्टरांना विचारून थांबवावी लागते, नाहीतर निकाल खोटा येतो.

तेव्हा डॉक्टरांच्या खोलीतून उठण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावे : ही गोळी कशासाठी, किती दिवस, आणि थांबवावयाची कशी? उत्तर घरी येऊन पट्टीच्या पाठीवर शाईने लिहावे. माझ्या घरी आता औषधाच्या प्रत्येक पट्टीवर दोन तारखा असतात, सुरू केल्याची आणि थांबविण्याची.

अण्णांचा मुलगा अजून कधीमधी दाराशी येतो. त्याच्या आईला जळजळ होते. मी आता कोनाड्याकडे वळत नाही. आधी विचारते, ‘घाम आला का रे? हात दुखतो का?’ आणि चप्पल पायात घालून त्याच्याबरोबर जाते.